गुन्हेगाराचं मन आणि पोलिसांची फाईल

मंडळी, आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी ऐकायला मिळतो आहे. 'सर, खुनी माणूस आधी ओळखता येतो का?' विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा टीव्हीवरची मालिका असते. तिथला तज्ज्ञ प्रेताकडे पाहतो, खोलीत एक फेरी मारतो आणि सांगतो की खुनी पस्तिशीचा आहे, एकटा राहतो, आईला घाबरतो. तिसऱ्या जाहिरातीच्या आत तो सापडतोसुद्धा. या प्रकाराला प्रोफाइलिंग म्हणतात. गुन्हा झालेला आहे, करणारा माहीत नाही. घाव, वेळ, जागा आणि बळी यांवरून त्याचं वय, स्वभाव, धंदा आणि राहणी यांचा अंदाज बांधायचा.

आम्ही पोलिसांत नव्हतो आणि डॉक्टरही नाही. आमचा विषय तत्त्वज्ञान. पण खुणेवरून माणसापर्यंत पोचणं हे अनुमान आहे, आणि अनुमान हे आमच्या घरचं प्रकरण. म्हणून या विषयात नाक खुपसायचा थोडा अधिकार आम्ही घेतो. आज आपण मुख्यतः इतिहास पाहणार आहोत, तोही आपल्या महाराष्ट्रातला.

आपण तुर्भ्यात बसलो आहोत. १९६८ साली इथं काय होतं? आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, खाडी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नुकते उभे राहू लागलेले कारखाने. सिडको १९७० ची, वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ चा. मुंबई समोर दिसायची, पण ती पाण्यापलीकडे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पाण्यापलीकडच्या मुंबईच्या उपनगरांत माणसं रात्री झोपायला घाबरत होती. फ्लॅटमधली नव्हेत. झोपड्यांतली आणि फुटपाथवरची.

तो रामन राघवचा काळ. त्याचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. १९९१ साली श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादवला घेऊन त्याच्यावर चित्रपट केला, २०१६ साली अनुराग कश्यप यांनी त्याचं नाव वापरून दुसरा केला. नाव ऐकलं की आपल्या मनात एक चेहरा उभा राहतो, तो नटाचा असतो. खरी हकीकत थोडी निराळी आहे.

१९६५-६६ मध्येच मुंबईच्या पूर्व उपनगरांत, जुन्या लोकांच्या भाषेत जीआयपीच्या रुळांकडेनं, झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले होते. जड, बोथट हत्यारानं डोक्यावर मारायचं. चोरी झालीच तर क्षुल्लक वस्तूंची. तेव्हा संशयावरून जे लोक पकडले गेले त्यांत हा माणूस होता. त्याच्या नावावर दरोड्याची जुनी शिक्षा होती. पण या हल्ल्यांशी त्याला जोडणारा पुरावा मिळाला नाही, म्हणून त्याला सोडून द्यावं लागलं. त्याचा फोटो, बोटांचे ठसे आणि नाव मात्र फाईलमध्ये राहिलं. नाव कसलं, नावं! सिंधी दलवाई, तलवाई, अण्णा, तंबी, वेलुस्वामी. एकाच माणसाची एवढी नावं असली की साध्या नोंदवहीत तो हरवतोच. ठसे मात्र एकच राहतात.

१९६८ मध्ये तेच पुन्हा सुरू झालं. तपास गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. कुलकर्णी पुढे राज्याचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी काय केलं? जुन्या हल्ल्यांची कागदपत्रं काढली, आताच्या हल्ल्यांशी ताडून पाहिली, आणि दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या त्या माणसाचा फोटो व वर्णन शहरभर पाठवलं. २७ ऑगस्ट १९६८ ला डोंगरी भागात सबइन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी रस्त्यावरून जाणारा एक माणूस पाहिला. चेहरा ओळखीचा वाटला, म्हणून थांबवला. त्याच्याजवळ काय मिळालं त्याची यादी वाचण्यासारखी आहे : चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्ती लावायचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे घेतले, ते फाईलमधल्या ठशांशी जुळले.

इथं क्षणभर थांबू या. मुंबईच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला 'मनोविकृत' खुनी कसा सापडला? फोटो, ठसे आणि ते लक्षात ठेवणारा एक सबइन्स्पेक्टर. त्याच्या मनाचा अंदाज कुणी बांधला आणि म्हणून तो सापडला, असं झालं नाही. त्याचं मन चर्चेत आलं ते तो सापडल्यानंतर.

आणि नंतर मात्र भरपूर आलं. आरंभी तो काही बोलेना. मग त्यानं कोंबडी मागितली. ती दिली. मग डोक्याला तेल, कंगवा, आरसा. खाऊन-पिऊन, भांग पाडून तो बोलायला बसला आणि पोलिसांना घेऊन जागा दाखवत फिरला. हत्यार कुठं लपवलंय तेही त्यानं दाखवलं. एक्केचाळीस खून त्यानं कबूल केले. ही कोंबडीची गोष्ट लोक आजही चवीनं सांगतात. आम्हाला तिच्यात चातुर्य दिसतं ते कुलकर्ण्यांचं. पहिल्या क्षणापासून या माणसाशी दमदाटीनं नव्हे, त्याच्या कलानं बोलायचं, हे त्यांना कळलं होतं. याला हवं तर मानसशास्त्र म्हणा. आमच्या आजीला ते मानसशास्त्र न शिकता येत होतं.

खटला मालाडमधल्या दोन खुनांचा चालला. १९६९ च्या जूनमध्ये सत्र न्यायालयात बचावाच्या वकिलांनी अर्ज केला की आरोपीचं चित्त ठिकाणावर नाही, तो स्वतःचा बचाव करू शकत नाही, आणि गुन्ह्याच्या वेळीही तो तसाच होता. कोर्टानं त्याला पोलीस सर्जनच्या निरीक्षणाखाली ठेवलं. जवळजवळ महिनाभर. सर्जननं अभिप्राय दिला : मनोविकार नाही, बुद्धीही कमी नाही, खटल्याला तो समर्थ आहे. नंतर बचावाच्या बाजूनं नायर रुग्णालयाचे मनोविकारतज्ज्ञ आले. त्यांनी आर्थर रोड तुरुंगात त्याची भेट घेतली होती. त्यांचा अभिप्राय : हा जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतो आहोत हे त्याला कळत होतं, पण ते बेकायदा आहे हे कळत नव्हतं. कोर्टानं सर्जनचं ऐकलं. फाशी झाली. आरोपीनं अपील करायलाही नकार दिला.

फाशीची शिक्षा उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. प्रकरण तिथं गेल्यावर न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं. हे तिघं त्याच्याशी पाच वेळा बोलले, दर खेपेला सुमारे दोन तास. त्यांच्या अहवालातून जो माणूस दिसतो तो सिनेमातल्या माणसाहून अधिक भयानक आहे आणि अधिक केविलवाणाही. त्याच्या लेखी जगं दोन. एक आपलं, हे दुष्टांचं. दुसरं 'कानून'चं. तो स्वतः कानूनचा प्रतिनिधी. लोक त्याला पुरुषाची बाई करू पाहतात, पण त्यांना ते जमत नाही, कारण तो शक्ती आहे. आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा सांगत असे. शेवटच्या मुलाखतीनंतर डॉक्टरांनी निरोप घेताना हात पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. कानूनचा माणूस या जगातल्या माणसांना शिवत नाही.

तिघांचं मत एक झालं : आजार आहे, जुना आहे, बरा होणारा नाही. १९८७ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. तो येरवड्यात राहिला आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकारानं वारला.

आता यातला पेच पाहा. पोलीस सर्जन खोटं बोलत होते का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांच्यासमोर प्रश्न कायद्याचा होता. तो कायदा कुठून आला? १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसानं पंतप्रधानांना मारायला जाऊन त्यांच्या सचिवाला मारलं. ज्यूरीनं त्याला वेडा ठरवून सोडलं. त्यावर इतका गदारोळ झाला की लॉर्ड्सच्या सभागृहात न्यायाधीशांना प्रश्न विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांतून एक कसोटी तयार झाली. तीच आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत कलम ८४ म्हणून आली. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ झालंय, मजकूर जवळपास तोच. त्यात विचारलंय काय? कृत्याचं स्वरूप, किंवा ते गैर आहे वा कायद्याविरुद्ध आहे, हे कळायला तो त्या क्षणी असमर्थ होता का? एवढंच. 'हा माणूस आजारी आहे का' हा प्रश्न कायदा विचारतच नाही.

रामन राघव रात्री निघायचा, हत्यार लपवायचा, नावं बदलायचा. म्हणजे पकडले जाऊ नये हे त्याला समजत होतं. सर्जन म्हणणार, कळतंय की! मनोविकारतज्ज्ञ म्हणणार, हो, पण त्याच्या जगात कायदा म्हणजे तो स्वतः. मग कायद्याविरुद्ध काय आहे, हे त्याला कळतं असं कसं म्हणायचं? दोघंही एकाच माणसाबद्दल खरं बोलत होते. प्रश्न वेगळे होते. आमच्या मते उच्च न्यायालयानं शहाणपण केलं ते हे की दोषी कोण, आणि शिक्षा काय, हे दोन हिशेब वेगळे ठेवले. दोष कायम राहिला. माणूस फासावर गेला नाही.

अर्थात या सगळ्या विद्वत्तेत एक गोष्ट हरवते. मेले कोण? पदपथावर झोपणारे, झोपडीच्या दारात झोपणारे, गावाकडून कामाला आलेले. त्यांच्या मनाचा अहवाल कुणी लिहिला नाही. आणि रामन राघव इतके दिवस दिसला नाही याचं एक साधं कारण हेच की तो त्यांच्यातलाच दिसत होता. बिनघरचा, बिननावाचा, हातात पिशवी. आपल्या तुर्भ्याच्या बाजारात पहाटे ट्रकच्या आडोशाला किती माणसं निजलेली असतात ते आपण रोज पाहतो. पाहतो म्हणजे बाजूनं जातो. तीच माणसं अशा वेळी बळीही ठरतात आणि पहिले संशयितही तीच.

आता अनुमानाकडे येऊ. आपल्या न्यायशास्त्रातलं उदाहरण शाळेपासून माहीत आहे : डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथं अग्नी आहे. हे ठीक. पण नैयायिक इथं थांबत नाहीत. ते विचारतात, उलटं चालेल का? अग्नी आहे म्हणून धूर असणारच? नाही. तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणतात. उपाधी विसरलात की अनुमान फसलं.

गुन्हेगारी मानसशास्त्राची निम्मी वाक्यं या लोखंडी गोळ्यावर आपटतात. 'खुनी माणसाला बालपणी मार बसला होता.' असेल. पण मार बसलेली किती मुलं मास्तर झाली, किती ड्रायव्हर झाली, किती आमच्यासारखी प्राध्यापक होऊन तुम्हाला भाषणं देत बसली! 'तो एकलकोंडा होता.' मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहतात, तिथं एकांत मिळाला तर माणूस देवाचे आभार मानतो. खून झाल्यावर मागं वळून कारण जोडणं सोपं असतं, ते इतिहासकाराचं काम आहे. त्याच कारणावरून पुढचा माणूस बोट ठेवून दाखवणं हे निराळं काम. पहिलं जमलं म्हणजे दुसरंही जमेल, ही आपली गैरसमजूत.

परदेशात काय झालं ते थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून कुणीतरी बॉम्ब ठेवत होता. १९५६ मध्ये पोलीस जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी वर्णन केलं आणि शेवटी म्हणे सांगितलं की पकडाल तेव्हा त्याच्या अंगात डबल ब्रेस्टेड कोट असेल, बटणं लावलेला. जॉर्ज मेटेस्की पकडला गेला, पायजम्यात होता, कपडे करून बाहेर आला तर तोच कोट! जगभर टाळ्या. पण मेटेस्कीचं नाव निघालं कुठून? वीज कंपनीच्या जुन्या तक्रारींच्या फायली चाळणाऱ्या ॲलिस केली या कारकून बाईंकडून. कोटाची गोष्ट ब्रसेल यांनी आपल्या पुस्तकात रंगवली, आणि ते पुस्तक आलं १९६८ मध्ये. इकडे त्याच वर्षी फियाल्होंनी फाईलमधला चेहरा डोंगरीत ओळखला. त्यांनी पुस्तक लिहिलं असतं तर इतकं खपलं नसतं, कारण त्यात कोट नाही.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयनं वर्तनविज्ञानाचं पथक काढलं. रॉबर्ट रेस्लर, जॉन डग्लस हे अधिकारी तुरुंगांत जाऊन खुन्यांशी बोलले. छत्तीस कैदी. मुलाखती कष्टानं घेतलेल्या आहेत, त्यांतून बरंच कळतं. पण छत्तीसच्या छत्तीस दोषी! तसंच बालपण असलेले, तसंच मन असलेले, पण खून न केलेले छत्तीस कुठं आहेत? म्हणजे सरपणाची चौकशी न करता धुराचा अभ्यास. आणि याची किंमत कधी कधी निरपराध माणूस देतो. लंडनमध्ये १९९२ साली विम्बल्डन कॉमनवर एका तरुण आईचा खून झाला. कॉलिन स्टॅग नावाचा एकटा राहणारा माणूस मानसशास्त्रज्ञानं आखलेल्या चित्रात बसला. त्याला बोलतं करायला वेषांतर केलेली महिला पोलीस पाठवली. त्यानं कबुली दिली नाही, तरी वर्षभराहून अधिक काळ तो कोठडीत होता. १९९४ मध्ये न्यायाधीशांनी तो पुरावा फेकून दिला. खरा गुन्हेगार, रॉबर्ट नॅपर, २००८ मध्ये दोषी ठरला.

हे झालं परक्यांचं. पण 'आधी ओळखा' हा प्रयोग आपल्या मातीत फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, आणि त्याला कुणी मानसशास्त्रज्ञ लागला नाही. एक कायदा पुरला.

आमच्या पूर्वजांच्या गावगाड्यात रामोशी हा रखवालदार. गावात चोरी झाली तर माग काढायचा त्यानं. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला तर जबाबदारी त्या गावच्या रखवालदारावर. नाही निघाला तर भरपाई. म्हणजे पावलाच्या ठशावरून चोरापर्यंत जाणारे जुन्या महाराष्ट्रातले तपासनीस हेच. इंग्रजी अमलात किल्ले गेले, वतनं गेली, रखवालीचे हक्क गेले. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये फाशी झाली. आणि पुढं सरकारी कागदात काय लिहिलं गेलं? गुन्हेगार जमात.

गुन्हेगार जमातींचा कायदा पहिल्यांदा १८७१ ला झाला, तो उत्तरेत. १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर झाली आणि मुंबई इलाखा त्यात आला. त्यामागचा विचार सरळ होता : सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. जातीव्यवस्थेचं आपलं तर्कशास्त्र साहेबानं उचललं आणि त्याला पोलिसी हजेरी जोडली. युरोपात १८७६ मध्ये चेझारे लोंब्रोझो या इटालियन डॉक्टरानं जन्मजात गुन्हेगार कवटीवरून ओळखता येतो असं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे कवटी मोजायचीही गरज पडली नाही, जात विचारली की झालं. नाव नोंदवायचं, ठसे द्यायचे, रोज हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत झाली. लोक तिला सेटलमेंटच म्हणत. त्या कुंपणातून माणसं गिरणीत कामाला जात, संध्याकाळी हजेरीला परत. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट, वडार, अशा कितीतरी. कुंपणात जन्मलेलं मूल पाळण्यातच संशयित.

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. म्हणून हे लोक 'विमुक्त'. पण कायद्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि ठाण्यातल्या हवालदाराच्या मनातली यादी कुठल्या राजपत्रानं रद्द होणार? लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ चं. ज्यांना प्रोफाइल म्हणजे काय ते खरोखर समजून घ्यायचं आहे त्यांनी एफबीआयच्या आधी ही दोन पुस्तकं वाचावीत. दुसऱ्या बाजूनं, ज्याचं प्रोफाइल केलं जातं त्याच्या बाजूनं, ती लिहिलेली आहेत.

या यादीच्या उलट टोकाचं प्रकरण पुण्याचं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून आपण ते ओळखतो. ऑक्टोबर ७६ च्या शेवटच्या दिवशी एक कुटुंब, डिसेंबरच्या पहिल्या दिवशी दुसरं. त्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांचे संस्कृतचे पंडित. नायलॉनच्या दोरीनं गळे आवळलेले. त्या हिवाळ्यात पुण्यात दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, ओळखीच्यानं दार वाजवलं तरी आतून नाव विचारत. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना आम्ही काही सांगायला नको.

आणि निघालं कोण? टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. कुंचले धरणारी पोरं, शहराच्या मध्यवस्तीत रोज चहा पिणारी. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला मुलगा होता. कुठल्या यादीत ती बसत होती? कुणाच्याच नाही. शेवटच्या खुनानंतर प्रेत नदीत सापडलं, जबाब जुळेनात, एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि सगळं उलगडलं. २७ नोव्हेंबर १९८३ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली.

मग स्पष्टीकरणं आली. सिनेमे, दारू, मोटरसायकली, आणीबाणीतला काळ, संस्कार कमी पडले. मुनव्वर शाहनं तुरुंगात आत्मकथन लिहिलं, 'येस, आय ॲम गिल्टी'. ते वाचून सुद्धा आम्हाला 'का' याचं उत्तर मिळालं असं म्हणवत नाही. पैशाचा लोभ होता, हे खरं. एकानं सुरुवात केली आणि बाकीच्यांना मागं फिरता येईना, हेही दिसतं. पण तेवढ्या लोभाची, तेवढ्या भिडेची पोरं त्या वेळी पुण्यात हजारो असतील. आणखी एक फरक पाहा. या चौघांनी दहा माणसं मारली, पण त्यामुळे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना रोज ठाण्यात हजेरी लागली नाही. लागावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. मग ज्यांच्या आजोबांनी कधी काळी गाय चोरली असेल त्यांच्या नातवाला का लागावी?

मधल्या काळात यंत्रं आली. स्टँप पेपर घोटाळ्यातल्या मुख्य आरोपीच्या नार्को चाचणीची चित्रफीत आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिली. २००८ च्या जून महिन्यात पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका तरुणीला विषप्रयोगाच्या खुनात जन्मठेप दिली. त्या निकालात मेंदूच्या चाचणीचा आधार होता. डोक्याला तारा लावायच्या, गुन्ह्याच्या घटनाक्रमाची वाक्यं ऐकवायची, मध्ये काही साधी वाक्यं. आरोपीनं तोंड उघडायचं नाही. मेंदूच्या लहरी सांगणार की ही गोष्ट हिनं नुसती ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली. तंत्र बंगळूरच्या एका शास्त्रज्ञाचं. जगातले लोक थक्क झाले, काही घाबरले. त्याच वर्षी बंगळूरच्याच निम्हान्सच्या संचालकांच्या समितीनं सांगितलं की याला पुरावा म्हणण्याइतका शास्त्रीय पाया नाही. त्या तरुणीला पुढे उच्च न्यायालयानं जामीन दिला.

तत्त्वज्ञानाच्या बाजूनं आम्हाला यात जुनी ओळख पटते. आठवण म्हणजे मेंदूत पडलेला ठसा, बोटाच्या ठशासारखा, ही कल्पना. पण आठवण ठसा नाही. जी बाई महिनोन् महिने पोलिसांकडून, वकिलाकडून, वर्तमानपत्रांतून तीच हकीकत ऐकते, रात्री डोळे मिटले की तीच पाहते, तिच्या मेंदूत 'ऐकलेलं' आणि 'अनुभवलेलं' यांच्यामध्ये भिंत कुणी बांधून ठेवली आहे? ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, कारण घटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. आमच्या मते अलीकडच्या काळातल्या महत्त्वाच्या निकालांपैकी हा एक आहे. मनाच्या दारावर राज्यसंस्थेनं टकटक करावी, दार फोडू नये.

म्हणजे मानसशास्त्राला न्यायालयात कामच नाही का? आहे, आणि ते शेवटच्या टप्प्यावर आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये फाशी रद्द केली, कारण शिक्षेनंतर कैद्याला गंभीर मानसिक आजार जडला होता. निकालात त्याचं नावही नाही, 'आरोपी एक्स' एवढंच आहे, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आजारी माणसाच्या खासगीपणाला हक्क दिला आहे. गुन्हा अत्यंत घृणास्पद होता, न्यायालयानं त्यात कसूर केली नाही, उरलेलं आयुष्य तुरुंगातच. रामन राघवच्या वेळी जे एका उच्च न्यायालयानं केलं त्याला आता तत्त्वाचं रूप आलं आहे. इथं मनोविकारतज्ज्ञ समोर बसलेल्या, नाव माहीत असलेल्या, दोष सिद्ध झालेल्या एका माणसाबद्दल बोलतो. त्याला तासन् तास भेटून बोलतो. हे त्याला येतं. न पाहिलेल्या माणसाबद्दल भाकीत करायला सांगणं म्हणजे डॉक्टरला ज्योतिषी करणं.

एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'आमच्या सोसायटीत कामवाल्या बायका, ड्रायव्हर, वॉचमन यांची पोलीस पडताळणी करतात. ते चूक आहे का?' नाही, नोंद ठेवणं चूक नाही. आजची सगळी हकीकत नोंदीचीच आहे. फोटो, खरं नाव, आधी कुठं काम केलं ते लिहून ठेवा. पण मग ती सगळ्यांची ठेवा. भाडेकरूंची, आणि फ्लॅट विकत घेऊन येणाऱ्यांचीही. आणि सोसायटीत चोरी झाली तर वॉचमनचं गाव आणि जात विचारण्याआधी कॅमेरा पाहा, कुलूप पाहा, त्या दिवशी कोण आलं-गेलं ती वही पाहा. वही नीट भरलेली नसेल तर तिथंच पहिली चौकशी करा.

दुसरी चिठ्ठी विचारते की रामन राघवनं खरोखर एक्केचाळीस खून केले का. कबुलीत तो आकडा आहे, शिक्षा दोन खुनांची आहे. मधले एकोणचाळीस त्याच्या शब्दावर आहेत, आणि त्याचा शब्द कुठल्या जगातून येत होता ते डॉक्टरांनी लिहून ठेवलं आहे. ज्यांच्या घरची ती माणसं होती त्यांना यापुढचं उत्तर कुणी दिलेलं नाही.